आगादेझ: एका कायद्याची साडेआठ वर्षं

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशात २६ मे २०१५ रोजी 'कायदा क्रमांक २०१५-३६' आला. स्थलांतरितांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांना शिक्षा देणारा हा कायदा. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या लष्करी राजवटीनं अध्यादेश काढून तो रद्द केला आणि त्याखाली झालेल्या शिक्षाही पुसून टाकल्या. मधली साडेआठ वर्षं युरोपीय संघाच्या कागदपत्रांत नायजर हा आदर्श विद्यार्थी होता. सीमा आपल्या दारात येण्याआधीच, हजारो किलोमीटर दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी कशी बंद करता येते, याचा दाखला म्हणून त्याचं नाव घेतलं जाई.

अभ्यासासाठी हे प्रकरण सोयीचं आहे, कारण त्याला सुरुवात आहे, मध्य आहे आणि चक्क शेवटही आहे. सीमा-नियंत्रणाची धोरणं सहसा मागे घेतली जात नाहीत. एकावर एक थर चढत जातात आणि मग कशामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. इथे कायदा नसतानाचा काळ, कायदा असतानाचा काळ आणि तो गेल्यानंतरचा काळ असे तिन्ही समोर ठेवता येतात. ते ठेवून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की युरोपानं पैसे मोजले ते स्थलांतर थांबवण्यासाठी, पण पदरात पडला तो एक आकडा. आकडा खोटा नव्हता. पण ज्या रस्त्यावर उभं राहून तो मोजला जात होता, त्या रस्त्यानं लोकांनी जाणंच सोडलं होतं.

गाव आणि त्याची रोजीरोटी

आगादेझ हे सहाराच्या दक्षिण काठावरचं जुनं व्यापारी गाव. मातीच्या विटांच्या मशिदीचा मिनार हीच त्याची ओळख. जुन्या गावठाणाला २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. बिल्माच्या मिठागरांतून मीठ आणणारे उंटांचे तांडे इथूनच निघायचे. वाहतूक हा या गावाचा पिढीजात व्यवसाय. माल तेवढा काळाप्रमाणे बदलत गेला.

एका काळी तो माल म्हणजे पर्यटक होते. तेनेरे वाळवंट पाहायला फ्रेंच मंडळी यायची, पॅरिस-डाकार शर्यतीच्या गाड्या इथून जायच्या. १९९० च्या दशकातलं, वाळवंटातल्या तुआरेग लोकांचं बंड आणि त्यानंतर २००७ ते २००९ चं दुसरं बंड यांत तो धंदा बसला. वाळवंटातली प्रत्येक विहीर तोंडपाठ असणारे वाटाडे आणि चालक रिकामे झाले. बंडातून परतलेल्या तरुणांकडे गाडी चालवण्याचं कसब होतं, काम नव्हतं. उत्तरेला अर्लितला युरेनियमच्या खाणी आहेत, पण तिथल्या नोकऱ्या किती जणांना पुरणार? अशात २०११ मध्ये लिबियात गद्दाफीची राजवट कोसळली आणि पलीकडच्या बाजूला सीमा सांभाळणारं कुणी उरलं नाही.

रिकाम्या चालकांना प्रवासी मिळाले. दोन बंडं पाहिलेल्या सरकारनंही डोळेझाक केली. हाताला काम असलेला माणूस बंदूक उचलत नाही, हा हिशेब राजधानी नियामेमध्ये बसलेल्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

हा धंदा लपूनछपून चालत नव्हता. वाहतूक कंपन्यांची कार्यालयं होती, बस अड्डा होता, गाडी गावाबाहेर पडताना पालिकेचा कर भरला जाई. प्रवाशांतले सगळे युरोपला निघालेले असत, असंही नाही. त्यांतला मोठा भाग लिबियात आणि अल्जीरियात बांधकामावर, शेतावर राबून काही महिन्यांनी घरी परतणाऱ्यांचा होता, आणि त्यात खुद्द नायजरचे लोकही भरपूर होते. युरोपातल्या चर्चेत हा भाग सतत गळून पडतो. उत्तरेला जाणारी प्रत्येक गाडी भूमध्य समुद्रावरच थांबणार, असं तिथे गृहीतच धरलं जातं.

सोमवारचा ताफा

कायद्याआधीचा प्रवास कसा होता, हे नीट पाहिल्याशिवाय कायद्यानं काय मोडलं ते कळत नाही.

नियामेहून येणारी बस आगादेझला पोचेपर्यंत वाटेत पोलिसांचे नाके लागत. कागदपत्रं धड असली तरी परदेशी प्रवाशाला तिथे खिसा हलका करावा लागे. अड्ड्यावर उतरताच 'कॉक्सर' गाठत. कॉक्सर म्हणजे गिऱ्हाईक आणून देणारा दलाल. बहुधा तो प्रवाशाच्याच देशाचा, कधी काळी स्वतःच इथे अडकलेला. तो त्यांना मातीच्या उंच भिंतींच्या एखाद्या वाड्यात नेऊन ठेवी. या वाड्यांना गावात 'घेट्टो' म्हणतात. गँबियावाल्यांचा वेगळा, सेनेगलवाल्यांचा वेगळा. घरून पैसे येईपर्यंत मुक्काम तिथे.

निघायचा दिवस म्हणजे सोमवार. आगादेझहून दिर्कूच्या लष्करी ठाण्याकडे सैनिकांचा ताफा आठवड्याला निघे आणि त्याच्या मागे प्रवासी गाड्या लागत. लुटारूंपासून संरक्षण मिळे, आणि एखादी गाडी बंद पडली तर मागचा कुणीतरी थांबे. गाडी टोयोटा हायलक्स. हौद्यात आधी सामान आणि इंधनाचे कॅन, त्यावर माणसं, पंचवीस ते तीस. कडेला बसणाऱ्यांचे पाय बाहेर लोंबकळत. त्यांच्यासाठी सामानाच्या बोचक्यांत जाड काठ्या उभ्या खोचलेल्या असत. काठी दोन पायांमध्ये घट्ट धरून बसायचं, कारण खाली पडलेल्यासाठी चालक थांबेलच याची खात्री नसे. पाण्याचे कॅन गोणपाटात गुंडाळून, गोणपाट भिजवून, बाहेरच्या बाजूला टांगलेले. प्रत्येकानं आपल्या कॅनवर नाव लिहिलेलं. तोंडाला फडकं, डोळ्यांना स्वस्तातला गॉगल. पुढे तीन-चार दिवस, लिबियाची हद्द येईपर्यंत.

हिशेब मांडून पाहू. कायद्याआधी माणशी १.५ लाख सीएफए फ्रँकच्या (हे नायजरचं चलन) आसपास दर सांगितला जाई. तीस माणसं धरली तर एका खेपेचे ४५ लाख फ्रँक. एक युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, हा दर कायमचा बांधलेला आहे. म्हणजे खेपेमागे साधारण ६,८६० युरो. हे सगळे चालकाच्या खिशात जात नसत. गाडीमालक, कॉक्सर, घेट्टोवाला, इंधन, टायर आणि नाक्यानाक्यावरचा हप्ता यांत ते वाटले जात. गॉगल आणि फडकी विकणारे, कॅनवाले, डाळ-भात रांधून देणाऱ्या बायका, पैसे पाठवण्या-घेण्याची दुकानं, रिचार्जवाले या सगळ्यांचं पोट या गाड्यांवर.

हप्त्याचं एक अंग मला फार बोलकं वाटतं. नायजरच्याच भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेनं २०१३ मध्ये एक अहवाल केला होता. त्यात म्हटलं होतं की वाळवंटातल्या सुरक्षा दलांचा गाडा स्थलांतरितांकडून उकळलेल्या पैशांवर चालतो. गस्तीच्या गाड्यांचं इंधन, सुटे भाग यांचा खर्च त्यातूनच निघतो. म्हणजे पहारेकऱ्याचा पगार चोरच देत होता, आणि हे सरकारी कागदावर नमूद होतं. पुढे याच दलांच्या हाती युरोपीय पैशांची अंमलबजावणी जाणार होती.

कायदा कुठून आला

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अर्लितच्या उत्तरेला, अल्जीरियाच्या वाटेवर ९२ मृतदेह सापडले. गाड्या बंद पडल्या आणि माणसं तहानेनं मेली. त्यांत ५२ मुलं होती, ३३ बायका आणि ७ पुरुष. ही मंडळी नायजरचीच, दक्षिणेकडच्या झिंदेर भागातली. अल्जीरियात भीक मागून किंवा मिळेल ते काम करून चार पैसे आणायला निघालेली. नायजर हादरलं, धरपकड झाली आणि कायद्याची चर्चा तिथून सुरू झाली. ज्या दुर्घटनेचं नाव घेऊन कायदा आला तिचा युरोपशी काडीचा संबंध नव्हता, ही गोष्ट नंतरच्या गदारोळात विसरली गेली.

त्याच महिन्यात इटलीच्या लांपेदूसा बेटाजवळ बोट बुडून साडेतीनशेहून अधिक लोक गेले होते. एप्रिल २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यापुढे एकाच बोटीत आठशेच्या वर माणसं बुडाली. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटाला युरोप आणि आफ्रिकेच्या नेत्यांची शिखर परिषद भरली आणि आफ्रिकेसाठी आपत्कालीन निधी उभा राहिला. आरंभी १८० कोटी युरोंचा असलेला हा निधी पुढे वाढत ५०० कोटींच्या घरात गेला. नायजरला त्यातला घसघशीत वाटा मिळाला.

कायदा वर्षभर कागदावरच होता. चोरट्या वाहतुकीला पाच ते दहा वर्षं कैद, दहा ते पन्नास लाख फ्रँक दंड आणि गाडी जप्त, अशी तरतूद होती. पण गाड्या पूर्वीसारख्याच निघत होत्या. २०१६ च्या मध्यापासून चित्र बदललं. तेव्हा मोहम्मद बझूम गृहमंत्री होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जर्मनीच्या चान्सलर अँगेला मेर्केल नियामेला येऊन गेल्या. धरपकडीनं जोर धरला. चालक, गाडीमालक, घेट्टोवाले असे शेकडो जण आत गेले. शंभराहून जास्त गाड्या जप्त होऊन आगादेझच्या लष्करी तळावर वाळूत उभ्या राहिल्या. कायदा झाला आहे हे अनेकांना पहिल्या अटकेनंतरच कळलं. काल पालिकेला कर देणारा माणूस आज गुन्हेगार झाला होता.

बझूम यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही नोंदवायला हवं. याच वाटांवरून शस्त्रं आणि अमली पदार्थ जातात, देशाच्या तीन बाजूंना सशस्त्र गट आहेत, आणि नायजेरियातल्या मुलींना फसवून युरोपातल्या वेश्याव्यवसायात ढकलणाऱ्या टोळ्या आगादेझचाच रस्ता वापरत. पण माणसांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध नायजरकडे २०१० पासून वेगळा कायदा होताच. नव्या कायद्याच्या जाळ्यात प्रामुख्यानं सापडले ते स्वखुशीनं निघालेल्या मजुरांना भाड्यानं नेणारे.

आकडा

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची माणसं दोन ठिकाणी बसून मोजदाद करत: लिबियाच्या वाटेवर सेगेदीनला आणि अल्जीरियाच्या वाटेवर अर्लितला. २०१६ मध्ये बाहेर जाणाऱ्यांची नोंद ३ लाख ३३ हजारांच्या वर होती. २०१७ मध्ये ती ७० हजारांच्या आत आली. हा तक्ता ब्रुसेल्समध्ये झळकला. युरोपीय संसदेचे तेव्हाचे अध्यक्ष अंतोनियो ताजानी यांनी २०१८ मध्ये तर नायजरनं ओघ ९५ टक्क्यांनी घटवल्याचं सांगितलं.

सेगेदीन हे वस्तीचं ठिकाण आहे. तिथे विहीर आहे, म्हणून रस्ता तिथून जातो. रस्ता तिथून जातो, म्हणून मोजणारे तिथे बसतात. आता विहिरीवर सैनिक उभे राहिले. गाडी जप्त होणार आणि पाच वर्षं आत जावं लागणार असेल, तर कुठला चालक विहिरीजवळून जाईल? तो सोमवारचा ताफा सोडतो. रात्री, दिवे मालवून, विहिरीपासून पन्नास-शंभर किलोमीटर लांबून जातो. कधी चाडच्या बाजूनं वळसा घेतो, कधी मालीतल्या गाओकडून अल्जीरिया धरतो. अशा गाडीची नोंद कुठेच होत नाही, आणि ती बंद पडली तर मागून येणारं कुणी नसतं. पुढे गस्त दिसली तर प्रवाशांना उतरवून चालक पसार होतो, कारण रिकामी गाडी म्हणजे पुरावा नाही.

जून २०१७ च्या सुरुवातीला बातमी आली की दिर्कूच्या वाटेवर गाडी बंद पडून ४४ जण तहानेनं दगावले. चालत पाण्यापर्यंत पोचलेल्या सहा बायकांमुळे हे जगाला कळलं. त्या पोचल्या नसत्या तर त्या वर्षाच्या तक्त्यात ही माणसं निघालीही नव्हती आणि मेलीही नव्हती. स्थलांतर संघटनेला मग दिर्कूहून शोध-बचावाच्या फेऱ्या सुरू कराव्या लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत हजारो लोक वाळवंटातून उचलून आणावे लागले. एका हातानं मोजायचं, दुसऱ्या हातानं उचलून आणायचं. दोन्हीचे पैसे बहुतांशी एकाच खजिन्यातून.

घट खरीच नव्हती असं मला म्हणायचं नाही. बरेच जण गेलेच नाहीत, बऱ्याच जणांना भाडं परवडेना. दर दुपटीनं वाढले, काही वेळा त्याहून जास्त. दर वाढल्यावर उधारीवर जाणारे वाढले, आणि उधारी फिटते ती लिबियात पोचल्यावर, कुणाच्या तरी कोठडीत मार खात घरी फोन लावून. जुने, नाव राखून असलेले चालक बाजूला झाले. मागे राहिले ते ज्यांना तुरुंगाची भीती नव्हती किंवा ज्यांचा माल एरवीही बेकायदा होता. त्यातच २०१४ मध्ये सापडलेल्या जादोच्या सोन्याच्या खाणी सरकारनं २०१७ मध्ये बंद केल्या. म्हणजे धंदा सुटलेल्या माणसाला दुसरा आसराही गेला.

नव्या धंद्यातली मिळकत

आगादेझमध्ये पैसा येणं थांबलं नाही. तो वेगळ्या दारानं, वेगळ्या लोकांकडे येऊ लागला.

'युकॅप साहेल नायजर' ही युरोपीय संघाची मोहीम २०१२ मध्ये आली ती दहशतवादाशी लढायला. २०१५ मध्ये तिच्या कामात अनियमित स्थलांतर घातलं गेलं आणि आगादेझला तिचं कार्यालय उघडलं. पोलिसांना प्रशिक्षण, गाड्या, रेडिओ, न्यायवैद्यक सामग्री. फ्रेंच आणि स्पॅनिश पोलीस नायजरच्या पोलिसांबरोबर एका संयुक्त तपास पथकात बसू लागले. सीमेवरच्या ठाण्यांत प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहरे टिपणारी संगणक यंत्रणा आली. फ्रॉन्टेक्सचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सीमारक्षक संस्थेचा, संपर्क अधिकारी नियामेत बसला. युरोपीय निधीतून सुरक्षेचे प्रकल्प राबवणाऱ्यांत 'सिव्हीपोल' ही फ्रेंच संस्था होती. ती फ्रान्सच्या गृह मंत्रालयाची सल्लागार, पण तिच्या भागधारकांत थालेस, एअरबस अशा संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. सीमेवर काय कमी आहे हे सांगणारा आणि ती कमी भरून काढणारा, या दोघांच्या खुर्च्या इतक्या जवळ असल्या की कमी कधी संपत नाही. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. लबाडी न करताही हे यंत्र व्यवस्थित चालतं, आणि मला तीच अडचण वाटते.

युरोपच्या लेखापरीक्षकांनीच २०१८ मध्ये युकॅपच्या नायजर आणि माली इथल्या कामाची तपासणी केली आणि प्रगती संथ व मर्यादित असल्याचा शेरा मारला. आफ्रिका निधीवर त्यांनी २०२४ मध्ये पुन्हा बोट ठेवलं: मदत विखुरलेली, नेमकेपणा नाही. शेरे आले, छापले गेले आणि फायलीत गेले. फ्रॉन्टेक्सचं वार्षिक अंदाजपत्रक २०२३ पर्यंत ८० कोटी युरोंपलीकडे गेलं. ही संस्था २००५ मध्ये ६० लाखांच्या आसपास सुरू झाली होती.

आणि धंदा गेलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी आगादेझमध्ये पुनर्वसन योजना आली. नाव नोंदवा, धंद्याचा आराखडा द्या, १,५०० युरोंपर्यंतची मदत मिळेल, तीही रोख नाही. कुणाला दुकानाचा माल, कुणाला मेंढ्या, कुणाला तीनचाकी. साडेसहा हजारांच्या आसपास लोकांनी नावं दिली; पहिल्या काही वर्षांत हजाराला सुद्धा मदत पोचली नाही. वर मांडलेला खेपेचा हिशेब आठवा. एका फेरीत गाडीवर जमा होणाऱ्या रकमेच्या पाव हिश्शाहूनही कमी, आणि तीही आयुष्यात एकदाच. पाळीव मेंढ्या वाढवून हायलक्सचा हप्ता फिटत नाही, हे आराखडे तपासणाऱ्याला दिसत नसेल असं मानणं कठीण आहे. पण योजनेच्या नावे खर्च पडला की काम झालं.

कायद्याच्या पोटातली गाठ

पश्चिम आफ्रिकेच्या, त्या काळी पंधरा देशांच्या 'इकोवास' समूहाचा मुक्त संचाराचा करार १९७९ पासूनचा. नायजर जानेवारी २०२५ मध्ये त्यातून बाहेर पडला, पण कायदा होता तोवर सदस्य होता. सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात व्हिसाविना ९० दिवस राहता येतं. म्हणून सेनेगलचा तरुण आगादेझमध्ये असणं तेव्हा पूर्णपणे कायदेशीर होतं. त्याला उत्तरेला शे-दोनशे किलोमीटर नेणंही देशांतर्गत वाहतूकच, कारण लिबियाची हद्द तिथून खूप लांब आहे. गुन्हा घडायचा तो हद्द ओलांडल्यावर. अटक मात्र आगादेझच्या वेशीवर होई, प्रवाशाच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधून. आणि अंदाज बांधायचा कशावरून? चेहऱ्यावरून, भाषेवरून, पासपोर्टवरून.

स्थलांतरितांच्या हक्कांविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी फेलिपे गोन्झालेझ मोरालेस २०१८ मध्ये नायजरला येऊन गेले. त्यांनी नेमकं हेच दाखवलं: या अंमलबजावणीमुळे आगादेझच्या उत्तरेला जाण्यावर जणू सरसकट बंदी आली आणि माणसं लपून राहू लागली. २०२२ मध्ये कायद्याविरुद्ध इकोवासच्या न्यायालयात अर्जही गेला. निकालाची वाट पाहायची वेळ आली नाही, कारण राजकारणानं त्याआधीच पान उलटलं.

उलटा ओघ

उत्तरेचं दार बंद करण्याची चर्चा चालू असताना त्याच दारातून माणसं परत ढकलली जात होती. अल्जीरिया वर्षानुवर्षं आफ्रिकी मजुरांना धरून ट्रकमध्ये भरतो आणि सीमेवरच्या 'पॉइंट झीरो' नावाच्या उघड्या जागी सोडतो. तिथून नायजरचं अस्सामाका गाव पंधरा किलोमीटर, वाळूतून पायी. अल्जीरियात वर्षानुवर्षं काम केलेला गवंडी, हातात पिशवीही नसलेला, असा येऊन पडतो. केवळ २०२४ मध्ये असे ३१ हजारांहून अधिक लोक नायजरमध्ये आल्याचं 'अलार्म फोन सहारा' या मदतगटाची नोंद सांगते. त्यांच्यासाठी छावण्या, त्यांना मायदेशी पाठवणारे कार्यक्रम, त्यांचे अनुदानाचे अर्ज: सीमा-उद्योगाचा हा दुसरा विभाग, आणि याला कच्च्या मालाची टंचाई कधी भासली नाही.

रद्द झाल्यावर

२६ जुलै २०२३ रोजी लष्करानं बंड केलं. पदच्युत झालेले राष्ट्राध्यक्ष म्हणजे २०१६ चे गृहमंत्री मोहम्मद बझूम. जनरल अब्दुर्रहमान तियानी सत्तेवर बसले, युरोपनं मदत गोठवली, आणि चार महिन्यांत कायदा गेला. त्यामागे आगादेझबद्दलचा कळवळा किती आणि ब्रुसेल्सचं नाक दाबायची हौस किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. गावात मात्र आनंद झाला. डिसेंबरमध्ये युकॅपलाही गाशा गुंडाळायला सांगण्यात आलं.

ताफे पुन्हा उघडपणे निघू लागले. युरोपात भीतीचा सूर लागला: आता इटलीचे किनारे भरणार. युरोपीय आयुक्त इल्वा योहान्सन यांनी चिंता बोलून दाखवली. आता इटलीत समुद्रमार्गे उतरलेल्यांचे आकडे पाहा. २०१६: १ लाख ८१ हजार. २०२३, म्हणजे नायजरचा कायदा जवळपास पूर्ण वर्ष लागू असताना: १ लाख ५७ हजार. २०२४, कायदा नसताना: ६६ हजार.

नायजरचं दार उघडलं आणि इटलीतली संख्या निम्म्याहून खाली आली. यावरून कायदा रद्द केल्यानं ओघ घटतो असं म्हणणं वेडगळपणा होईल. २०२४ ची घट मुख्यतः ट्युनिशियात झाली. जुलै २०२३ मध्ये युरोपनं ट्युनिशियाशी करार केला होता आणि त्यात सीमा-व्यवस्थापनासाठी १०.५ कोटी युरो होते. पण मग २०१७ ची घट आगादेझच्या खात्यावर टाकणंही तितकंच उतावीळ होतं, कारण त्याच वर्षी इटलीनं लिबियाच्या तटरक्षकांशी आणि तिथल्या सशस्त्र गटांशी बोलणी करून समुद्राची वाट आवळली होती. नायजरला मिळालेलं श्रेय त्या तक्त्यापुरतं होतं.

निधीची गाडी मात्र थांबलेली नाही. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघानं मॉरिटानियाशी २१ कोटी युरोंचा करार केला, कारण ओघ अटलांटिककडे वळला होता: स्पेनच्या कॅनरी बेटांवर २०२४ मध्ये ४६,८४३ जण उतरले, तोवरचा उच्चांक. मॉरिटानियाची राजधानी नुआकशोतमध्ये आता गस्ती बोटी, प्रशिक्षण, ठसे टिपणारी यंत्रं, स्वागत केंद्रं अशी तीच यादी नव्यानं भरली जाते आहे. पकडलेल्यांना मॉरिटानिया मालीच्या सीमेवर गोगीला नेऊन सोडतो. करार यशस्वी झाला की नाही हे कॅनरीच्या धक्क्यावरच्या मोजणीवरून ठरेल. गोगीला मोजणी कोण करणार, हे त्या २१ कोटींत कुठे बसवलंय ते आत्ताच विचारून घ्यायला हवं.